बाटलीतलं कवच

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा तोच निरोप फिरला. शहराची हवा बिघडली आहे, पण घाबरू नका, वनस्पतींमधलं अमुक द्रव्य श्वासनलिकेच्या पेशींचं प्रदूषणापासून रक्षण करतं, हे म्हणे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय! खाली बाटलीचं चित्र. ६० गोळ्या, ८९९ रुपये, आणि 'तुमच्या फुप्फुसांचं कवच' अशी जाहिरात. त्याखाली चौदा जणांचे जोडलेले हात. मी गटावर सहसा काही लिहीत नाही. रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण या निरोपाशी आहे, आणि ते दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी कबुली देते. हीच बाटली, किंवा हिची सख्खी बहीण म्हणा, गेल्या हिवाळ्यात माझ्याही घरात होती.

मला गेली बारा वर्षं दमा आहे. सकाळ-संध्याकाळ पंप ओढायचा, चूळ भरायची, की दिवस नीट जातो. दिवाळीनंतर हवा जड झाली तशी भाचीने प्रेमाने बाटली आणून दिली. "मावशी, सगळं झाडपाल्याचं आहे गं, गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना!" मी गोळ्या सुरू केल्या. दोन आठवड्यांत बरं वाटायला लागलं. (वाटायला लागलं, असंच म्हणते. 'वाटणं' आणि 'असणं' यांतला फरक मी मुलांना चौतीस वर्षं शिकवला!) मग मनात आलं, गोळीने एवढं बरं वाटतंय तर पंपातलं ते रसायन रोज कशाला? कुणाला न सांगता पंप बंद केला.

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री अडीच वाजता जाग आली ती श्वासासाठीच. मुलाला हाक मारायची होती, पण त्याचं नाव एका दमात पूर्ण होईना. पलंगाशेजारचा पाण्याचा तांब्या मी मुद्दाम खाली पाडला, तेव्हा तो धावत आला. रुग्णालयात वाफेचा मुखवटा लावला. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "आजी, पंप चालू आहे ना?" मी मान हलवून 'हो' म्हटलं. चौतीस वर्षं पोरांच्या थापा पकडलेली बाई मी, आणि नातवाच्या वयाच्या मुलाला थाप मारली. सकाळी खरं सांगितलं. तो रागावला नाही, याचीच जास्त लाज वाटली.

यात दोष भाचीचा नाही आणि डॉक्टरांचा तर नाहीच. गाढवपणा माझा. पण घरी आल्यावर ठरवलं, की शास्त्रज्ञ नेमकं काय म्हणाले ते आपण पाहायचं. विज्ञान हा माझा विषय नव्हे. मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून, आणि शाळेत शिकवलं ते मराठी आणि इतिहास. पण माझा एक जुना विद्यार्थी आता छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. त्याने दोन रविवार फोनवर बसून मला ते शोधनिबंध समजावले. इतिहासाच्या बाईंना एक गोष्ट कळते : कोण म्हणालं, कधी म्हणालं, कशावरून म्हणालं, हे विचारायचं.

तर पहिली गोष्ट. शास्त्रज्ञ खोटं बोललेले नाहीत.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, अळीव ही सगळी एका कुळातली मंडळी. ब्रोकोलीही त्यांचीच. मुळा चावला की जो झणका नाकात जातो, ते या कुळाचं हत्यार. किडीने पान कुरतडलं, की पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेल्या दोन वस्तू एकत्र येतात आणि तिखट द्रव्य तयार होतं. ब्रोकोलीत असं जे द्रव्य तयार होतं त्याला सल्फोराफेन म्हणतात. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टॅलाले यांच्या गटाने १९९२ मध्ये ते ब्रोकोलीतून वेगळं काढलं आणि दाखवलं, की ते आपल्या पेशींतल्या विष निकामी करणाऱ्या यंत्रणेला जागं करतं.

ही यंत्रणा मोठी गमतीची आहे. पेशीत एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन असतं. त्याला दुसरं एक प्रथिन, कीप-१, धरून ठेवतं. शाळेच्या दारात शिपाई पोराचा हात धरून उभा असतो तसं. सल्फोराफेन त्या शिपायाला चिमटा काढतं. पोरगं सुटतं, धावत पेशीच्या केंद्रात जातं आणि तिथे वर्दी देतं, की विष आलंय, तयारीला लागा. मग पेशी विष बांधून बाहेर टाकणारी विकरं बनवायला घेते. म्हणजे पाहा, भाजी काही ढाल आणून देत नाही. कवच आपलं आपल्याजवळच असतं, कर्णासारखं जन्मजात. भाजी फक्त वर्दी देते.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात २००७ मध्ये काचेच्या बशीत वाढवलेल्या श्वासनलिकेच्या पेशींवर हे करून पाहिलं. डिझेलच्या धुराचा अर्क टाकला की पेशी दाह पसरवणारी द्रव्यं सोडतात. सल्फोराफेन आधी दिलं असेल तर कमी सोडतात. पुढे २०१४ मध्ये तिथेच २९ माणसांच्या नाकात डिझेलचे कण सोडले, त्या शहराच्या हमरस्त्यावर दिवसभरात नाकात जातील साधारण तेवढे. नाकात दाहाच्या पांढऱ्या पेशी जमल्या. मग चार दिवस ब्रोकोलीच्या कोंबांचा अर्क पाजून पुन्हा कण सोडले, तर त्या पेशींची वाढ ५४ टक्क्यांनी कमी भरली. त्याच वर्षी चीनमधल्या चिदोंगचा निष्कर्ष आला. शांघायजवळचा, यांगत्से नदीच्या मुखाचा हा भाग. तिथल्या २९१ लोकांपैकी काहींना बारा आठवडे ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय दिलं, काहींना नुसतंच तसं दिसणारं. ज्यांनी खरं पेय घेतलं त्यांच्या लघवीतून बेंझिन ६१ टक्के आणि ॲक्रोलिन २३ टक्के जास्त बाहेर पडत होतं. दोन्ही धुरातली विषं.

वाचून मी थक्क झाले. एवढ्याशा कोंबात एवढं सामर्थ्य! जिथल्या लोकांना वाईट हवा सोडून जाता येत नाही त्यांच्या हाती स्वस्तातलं काहीतरी द्यावं, म्हणून ही माणसं झटत होती. त्यांना माझा नमस्कार आहे.

आता दुसरी गोष्ट. या सगळ्यातलं काय सिद्ध झालं आणि बाटलीवर काय छापलं गेलं?

चिदोंगला लघवी तपासली. कुणाचा दमा टळला, कुणाचा कर्करोग टळला, हे त्या बारा आठवड्यांत पाहिलेलंच नाही, पाहणं शक्यही नव्हतं. लॉस एंजेलिसला माणसं २९ आणि दिवस चार. आणि ज्यांची फुप्फुसं खरोखर बिघडलेली आहेत त्यांचं काय? तोही प्रयोग झाला. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसलेल्या ८९ रुग्णांना चार आठवडे सल्फोराफेन दिलं आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापला. त्यांच्या फुप्फुसांतल्या पेशींत ती संरक्षणाची यंत्रणा जागी झाल्याचं दिसलंच नाही. हा निबंध मात्र कुणी गटावर पाठवत नाही. त्यावर जोडलेले हात मिळत नाहीत.

माझ्या बाटलीत तर ब्रोकोलीही नव्हती. हळद, तुळस आणि आणखी सात वनस्पतींची नावं होती, आणि 'शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध' असा शिक्का. कुठला प्रयोग, कुणावर, किती दिवस, किती मात्रा, काही नाही. एका वनस्पतीवरचा प्रयोग दुसरीच्या बाटलीवर चिकटवायचा, आणि बशीतल्या पेशीचं प्रमाणपत्र माझ्या छातीला लावायचं! हळदीतलं कर्क्युमिन बशीत मोठे पराक्रम करतं हे खरं, पण पोटातून ते रक्तात जेमतेमच पोचतं. सहामाहीच्या पेपरात एखाद्या मुलाने असं उत्तर लिहिलं असतं तर समासात 'आधार?' असं लिहून मी दोन गुण कापले असते.

"पण अपाय तर नाही ना?" या वाक्यावर मी स्वतः फसले, म्हणून त्याचा समाचार आधी घेते.

गाजराला केशरी रंग देणारं बीटा-कॅरोटिन हेही वनस्पतीतलंच द्रव्य. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असं दिसत होतं, त्याच्या रक्षणकर्त्याचा मान बीटा-कॅरोटिनला मिळाला. मग फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी केली. १९९४ मध्ये निकाल आला. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त! अमेरिकेत १८,३१४ लोकांवर तशीच चाचणी चालू होती, त्यात धूम्रपान करणारे होते, सोडलेले होते, ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले होते. बीटा-कॅरोटिन आणि अ जीवनसत्त्व एकत्र घेणाऱ्यांत कर्करोग २८ टक्के जास्त दिसला, आणि १९९६ मध्ये ती चाचणी ठरल्या वेळेच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. गाजर खाणं वेगळं, गाजरातला एक अंश उपसून धुरकटलेल्या फुप्फुसाला रोज पाजणं वेगळं. एनआरएफ-२ च्या बाबतीतही माझ्या विद्यार्थ्याने एक गोष्ट सांगितली. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत ही यंत्रणा कायमची चालू राहिलेली सापडते, आणि तेच कवच मग कर्करोगाच्या पेशी स्वतःसाठी वापरतात. म्हणजे 'नैसर्गिक' या शब्दात अभय लिहिलेलं नसतं. अफूही नैसर्गिकच असते.

आता मला माझ्या आईबद्दल बोलायचं आहे.

आमच्या गावच्या घरात मागच्या पडवीला चूल होती. पहाटे चारला आई फुंकणी घेऊन बसे. पावसाळ्यात लाकडं ओली, सगळं घर धुराने भरे, आम्ही अंगणात पळायचो. ती पळू शकत नव्हती, भाकरी तव्यावर असायची. तिच्या जेवणात रोज पालेभाजी होती. मुळा होता, मोहरीची फोडणी होती, शेवगा परसात होता, हळद तर प्रत्येक कालवणात. दारात तुळस होती. आज बाटलीत भरून विकतात ते सगळं तिच्या ताटात ताजं होतं. पन्नाशीत तिला पडवीतून अंगणापर्यंत चालताना दोनदा थांबावं लागे. तिने आयुष्यात विडी पाहिली ती फक्त गड्यांच्या हातात. छातीच्या डॉक्टरांनी धूम्रपानाबद्दल विचारलं तेव्हा ती हसली होती.

तिचा खोकला भाजीने थांबला नाही. घरात गॅस आला तेव्हा तो कमी झाला, पण तोवर फार उशीर झाला होता. २०१९ या एका वर्षात आपल्या देशात हवेच्या प्रदूषणामुळे १६.७ लाख मृत्यू झाले असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांतले सहा लाखांहून जास्त घरातल्या चुलीच्या धुराचे. या बायकांच्या ताटात हळद नव्हती असं कुणी म्हणेल काय?

आणि आता पुन्हा लॉस एंजेलिसकडे चला, जिथे ते नाकाचे प्रयोग झाले. त्याच परिसरात दुसरा एक अभ्यास वर्षानुवर्षं चालू होता. शाळेतल्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ मोजायची, इतकंच. १९९४ पासून २०११ पर्यंत मुलांच्या तीन पिढ्या मोजल्या, दोन हजारांहून जास्त मुलं. या काळात तिथल्या सरकारने गाड्यांचे, इंधनाचे, कारखान्यांचे नियम कडक केले आणि हवा खरोखर स्वच्छ झाली. १५ व्या वर्षी ज्यांची फुप्फुसं ठरावीक मर्यादेपेक्षा दुबळी होती अशी मुलं पहिल्या पिढीत ७.९ टक्के होती, दुसरीत ६.३ आणि तिसरीत ३.६. निष्कर्ष २०१५ मध्ये छापला गेला. ही मुलं चार दिवस अर्क प्यायली नव्हती. त्यांनी काहीच केलं नव्हतं, फक्त श्वास घेतला होता. ज्यांची आई ब्रोकोली आणू शकत होती त्यांची फुप्फुसं वाढली, आणि ज्यांची आणू शकत नव्हती त्यांचीही.

माझं खरं भांडण इथे आहे. स्वच्छ हवेचा फायदा घेण्यासाठी कुणाला ८९९ रुपये द्यावे लागत नाहीत. बाटली मात्र सांगते, की हवा घाण राहणारच, तुम्ही आपापलं पाहा. जो धूर करतो त्याचं नाव त्या निरोपात कुठेच नसतं. ज्याच्या छातीत तो जातो त्याच्याकडेच बिल येतं. आणि ज्याला बिल परवडत नाही, रस्ता झाडणारी बाई, वाहतूक पोलिस, चौकात गजरे विकणारी पोरं, त्यांच्यासाठी कवच नाहीच.

"बाई, हवा आपल्या हातात नाही. गोळी तरी हातात आहे," असं एक शेजारी मला म्हणाले. प्रामाणिक माणूस आहे, म्हणून प्रामाणिक उत्तर देते. दिल्लीची हवा आज सकाळी बदलणं माझ्या हातात नाही, कबूल. आपल्या देशाने २००९ मध्ये सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम ठरवली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ५ पर्यंत खाली आणायला सांगितलं. ही दरी मी एकटी बुजवणार नाही. पण रोजचा सगळाच धूर दिल्लीहून येत नाही हो. आमच्या कोपऱ्यावर रोज सकाळी पाल्याचा ढीग पेटतो. समोरच्या बांधकामावर वाळू उघडी पडलेली असते. सोसायटीच्या दाराशी शाळेच्या गाड्या इंजिन चालू ठेवून पंधरा मिनिटं उभ्या असतात. हे तर हाताच्या अंतरावर आहे!

पाला पेटवणाऱ्या बाईंवर आधी मीच ओरडले होते. मग एकदम आठवलं. दर शनिवारी श्रमदान असायचं. मैदान झाडून पाला कोपऱ्यात गोळा करायचा आणि पेटवायचा. काडी ओढायचा मान शहाण्या मुलाला. तो मान देणारी मी. धुरात उभं राहून मुलं खोकायची आणि मी म्हणायची, "लांब व्हा रे." तो धूर किती वर्षं किती छात्यांत गेला असेल! त्या मुलांना मुळा खा म्हणून सांगितलं असतं तर पुरलं असतं का? काडी न ओढणं एवढंच पुरलं असतं.

म्हणून त्या बाईंची मी माफी मागितली आणि विचारलं, पाला का जाळता? त्या म्हणाल्या, "उचलायला गाडी येत नाही आजी, आणि ढीग दिसला की मुकादम बोलतो." उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या नियमांनीच बंदी घातली होती, पण नियमाला हातगाडी लागते. सोसायटीच्या सभेत मी तीनदा हा विषय मांडला. दोनदा हसले. तिसऱ्यांदा मागच्या मोकळ्या जागेत दोन खड्डे खणले गेले. आता आमचा आणि शेजारच्या इमारतीचा पाला तिथे जातो. पुढच्या चौकात अजून धूर असतो. वॉर्ड ऑफिसला माझे पाच अर्ज पडले आहेत, सहावा लिहिते आहे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली होती, पत्रे लावा, कापड झाका, पाणी मारा अशी. तसलं आमच्या समोरच्या बांधकामाला कुणी विचारतं का, हे त्या सहाव्या अर्जात आहे.

माझ्या पंपाची वेळ आता चुकत नाही. मुळ्याची कोशिंबीर मी आवडीने खाते, तुम्हीही खा. कोबी फार शिजवू नका, त्यातलं ते झणक्याचं काम शिजवल्यावर मंदावतं. भाजी म्हणून खा, बिनधास्त खा. पण डॉक्टरांनी दिलेलं औषध कुठल्याही बाटलीसाठी बंद करू नका. आणि पुढच्या वेळी तो कवचाचा निरोप आला, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, की आपल्या गल्लीत आज धूर कुणी केला?

मी गटावर हे विचारलं. चौदापैकी एकाने उत्तर दिलं. त्याच्या गाडीचं इंजिन दाराशी चालू असतं, हे त्याचं त्यानेच लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो बंद करतो. एक तर एक.